चारपैकी दोन जुने टायर गळ्यात मारले, टायर बदलायला जाणाऱ्यांनी नीट वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. पुण्यातल्या एका मोठ्या चकाचक टायरच्या दुकानात माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडीला चार नवे टायर म्हणून दोन नवे आणि दोन वापरलेले टायर बसवले, वापरलेल्यांवरची तारीख घासून काढलेली, पैसे मात्र चारही नव्यांचे घेतले. असं करणारं हे एकच दुकान नसणार म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २०१७ ची आरएस २३०, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, आणि ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना जाते. टायर साइज २२५/४५ आर १७. ही साइज मागितली की दुकानदार आधी मान हलवतो हे अशी गाडी असणाऱ्यांना माहीत असेलच. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, म्हणजे लायसन्सशिवाय बाहेरून माल आणता येत नाही, आणि चांगले पर्फॉर्मन्स टायर तर बरेचसे बाहेरूनच यायचे. नंतर परिस्थिती थोडी सुधारली, अपोलोने २०२१ मध्ये व्रेडेस्टाइन आपल्याकडे आणला, पण एखादं ठरावीक मॉडेल ठरावीक साइजमध्ये हवं असेल तर अजूनही फोनाफोनी करावी लागते. 'सर लास्ट सेट आहे, उद्या मिळेल की नाही सांगता येत नाही' हे वाक्य चालतं ते याच जोरावर.

तर गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी या दुकानात गेलो. युरोपियन ब्रँड, चारचे मिळून ६२,००० रुपये ठरले. काउंटरवर दोन टायर आणून ठेवले, नवेकोरे, ट्रेडवर म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर रंगीत पट्टे, कंपनीचं स्टिकर, रबराचे ते बारीक केस पण तसेच. टायरच्या बाजूवर उमटवलेला डॉट कोड वाचला तर शेवटचे चार आकडे २३२४, म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एका वर्षाचा माल, नीट ठेवलेला असेल तर त्यात काही वावगं नाही. बाकीचे दोन गोडाउनमधून येतायत, सेम बॅच आहे, असं सांगितलं. मग गाडी आत घेतली आणि मला काचेच्या पलीकडे एसीत बसवलं, चहा आला, आत जायचं नाही, सेफ्टीचा नियम आहे म्हणून बोर्ड लावलेला. मधेच एक पोरगा येऊन सांगून गेला की पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, आऊट आहे, हायड्रॉलिक जॅक लावून वाकवावा लागेल, वेगळे पैसे. ते मी साफ नाकारलं. या गाडीला पुढे कॅम्बरचं वेगळं अ‍ॅडजस्टमेंट नसतं आणि जॅक लावून लोखंड वाकवणं म्हणजे सस्पेन्शनची वाट लावणं. तुम्हाला पण कुणी हे सुचवलं तर नाहीच म्हणा.

गाडी बाहेर आली तेव्हा चारही टायर पॉलिश मारून काळेकुळकुळीत. नवे दोन पुढे बसवलेत, इंजिन पुढे आहे ना सर, ग्रिप पुढेच लागते, असं मेकॅनिक म्हणाला. 'नवे दोन' हा शब्द तेव्हा त्याच्या तोंडून निसटला होता बहुतेक.

कोरड्या रस्त्यावर काही कळलं नाही. पाऊस लागला आणि चांदणी चौकातल्या वळणावर, स्पीड फार नव्हता, नेहमीच्याच वेगात, गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. ईएसपीचा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या सिस्टिमचा, दिवा लुकलुकला आणि गाडी सावरली. बायको शेजारी, मुलगी मागे. नवीन टायर आहेत, वरचा थर घासला जाईपर्यंत थोडे घसरतात, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं, आणि हे अर्धसत्य आहे म्हणूनच पटतं. नव्या टायरला सुरुवातीचे काही किलोमीटर सांभाळून चालवायचं असतं हे खरं, पण चारही नवे असते तर चारही घसरले असते ना, फक्त मागचे कसे.

उलगडा झाला तो पंक्चरवाल्याकडे. मागच्या उजव्या टायरमध्ये खिळा घुसला, घराजवळच्या पंक्चरवाल्याने चाक काढायच्या आधीच वाकून बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा उलटा बसवलाय की. बाहेरून इनसाइड लिहिलंय बघा." खरंच रिमच्या वर, रस्त्याकडच्या बाजूला, ठळक अक्षरात इनसाइड. चाक काढून फिरवलं तर आतल्या बाजूला आउटसाइड, आणि तिथेच डॉट कोड. कोडची सुरुवातीची अक्षरं जशीच्या तशी आणि शेवटी जिथे आठवडा आणि साल असतं ती लांबट चौकट घासून गुळगुळीत केलेली. बोटाने चाचपलं तर तेवढीच जागा खोलगट लागत होती. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा शेवटचे दोन आकडे पुसट दिसले, १८. टायर रिमवरून उतरवल्यावर आतून जुना पॅच निघाला, म्हणजे हा आधी कुणाच्या तरी गाडीवर पंक्चर होऊन दुरुस्त झालेला टायर. दुसरा मागचा पण काढून बघितला, तोही घासलेला, तोही उलटा. गेज लावला तर पुढच्यांच्या खाचांची खोली साडेसात मिलिमीटर आणि मागच्यांची जेमतेम पाच. भार आणि वेगाची मर्यादा सांगणारा कोड पुढच्यांवर ९४ वाय आणि मागच्यांवर ९१ डब्ल्यू, म्हणजे सेम बॅच वगैरे सगळ्या थापा.

टायर उलटा बसवला का, तर घासलेली तारीख आत जावी म्हणून. पूर्ण डॉट कोड पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला अर्धाच, त्यामुळे बाहेर तारीख दिसली नाही म्हणून कुणाला संशय येत नाही. पण माझे टायर असिमेट्रिक, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू ठरलेले, आणि अशा टायरच्या दोन्ही कडांचं काम वेगळं असतं. बाहेरच्या कडेचे ब्लॉक मोठे आणि कडक असतात कारण वळणावर सगळा भार तिथे येतो, आतल्या बाजूला पाणी बाहेर फेकायला जास्त खाचा असतात. उलटा बसवला की भार चुकीच्या बाजूवर येतो. त्यात सात वर्षांचं रबर, ते न चालवताही हवेने आणि उष्णतेने कडक होत जातं, ओल्या रस्त्याला ते चिकटतच नाही. आणि हे असले टायर मागे. पुढून ओढणारी गाडी असली तरी चांगली जोडी मागेच लावायची असते, पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ब्रेक मारायला वेळ तरी मिळतो, मागच्यांची सुटली तर गाडी गरकन फिरते. थोड्या पैशांसाठी माझ्या बायकापोरांचा जीव टांगणीला लावला या लोकांनी, हे आठवलं की अजून डोकं तापतं.

दुकानात गेलो. शेठ आधी म्हणाला की हे आमचे टायरच नाहीत, पंक्चरवाल्याने बदलले असतील. मग माझ्या मोबाइलमधले फोटो काढून दाखवले, गाडी बाहेर आली तेव्हा चारही चाकांचे काढले होते, त्यात मागच्या टायरवर इनसाइड स्पष्ट वाचता येतं. त्यावर म्हणे पोरांची चूक झाली, सध्या माल असाच येतो सर, अ‍ॅडजस्ट करून घ्या, दहा हजार परत देतो. मी नाही म्हणालो. कारण विषय दहा हजारांचा नाहीच.

पावतीचं पण सांगतो. पैसे मी ऑनलाइन दिले आणि जीएसटी बिल मागितलं, तर सिस्टिम बंद आहे, मेलवर पाठवतो म्हणून हाताने लिहिलेलं एस्टिमेट दिलं, त्यावर नुसतं 'टायर ४ नग'. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. बिल कधी आलंच नाही. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, पण 'बिल नको असेल तर टॅक्स वाचेल' ही ऑफर अजूनही मिळेल, घेऊ नका. मी टायर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिल नंबर काय हाच होता, आणि तारीख घासलेल्या टायरला वॉरंटी लागू होत नाही हे पण त्यांनी लगेच सांगितलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबर, तक्रार नोंदवली, बँकेचं स्टेटमेंट, एस्टिमेट आणि फोटो जोडले. त्यानंतर दुकानाची भाषा मवाळ झाली आणि मागच्या दोन टायरचे पूर्ण पैसे परत आले. ते दोन टायर मात्र मी त्यांना दिले नाहीत, माझ्याकडेच आहेत, पुढे ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तर पुरावा लागेल.

आता बघताना काय बघायचं ते. रिमवर चढवायच्या आधी चारही टायर समोर मागवा, दोन नाही चारही, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजू फिरवून चार आकडी तारखेचा फोटो काढा. ट्रेडवरचे रंगीत पट्टे, स्टिकर, रबराचे केस काहीच नसेल आणि टायर पॉलिशने चमकत असेल तर तिथेच थांबा. रिमला लागणारी आतली कड बोटाने बघा, एकदा बसवून उतरवलेल्या टायरवर तिथे घासल्याच्या खुणा राहतात. आयएसआय मार्क बघा. बसवताना स्वतः उभं राहा, बोर्ड काहीही म्हणो, नाहीतर दुसरं दुकान. बिलावर मॉडेल, साइज आणि चारही डॉट नंबर लिहून घ्या, चांगला दुकानदार यात कधी कुरकुर करत नाही, नंतर मी दोन टायर जिथून घेतले त्यांनी न सांगता लिहून दिले.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. माझे जुने चार टायर त्याच दुकानात राहिले, बायबॅक म्हणून किरकोळ रक्कम वजा करून. मला मिळालेले ते दोन टायर असेच कुणीतरी सोडून गेलेले असणार. त्यामुळे जुने टायर एकतर घरी घेऊन या, नाहीतर परत विकता येऊ नयेत म्हणून तुमच्या समोर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, कटर मारायला सांगा, आणि कटर मारला तर बायबॅक देणार नाही असं दुकानदार म्हणाला तर ते पैसे सोडून द्या.