मान सुटली, थकवा आहे तिथेच: कायरोप्रॅक्टिकचे सात महिने

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातांनी दाब किंवा झटका देऊन कण्यावर आणि सांध्यांवर केला जाणारा उपचार. त्यासाठी सात महिन्यांत १९ वेळा टेबलावर पालथी झोपले. तोंडासाठी टेबलाला भोक असतं, त्यातून फरशी आणि समोरच्याचे बूट एवढंच दिसतं. पहिल्यांदा पाठीतून कडकड आवाज आला तेव्हा वाटलं, मोडलं काहीतरी! नंतर कळलं, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. हाड 'जागेवर बसल्याचा' नव्हे.

मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा दीर्घकाळचा आजार. दिवसाचा बराच वेळ लोळून जातो, त्यामुळे मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते. त्यावर उपचाराचा फायदा झाला, अगदी नक्की. दोन-तीन दिवस मान दोन्ही बाजूंना वळायची, डोकं कमी ठणकायचं. थकवा मात्र तसूभर हलला नाही. रात्रभर झोपूनही सकाळी ओझी वाहिल्यासारखंच.

पहिल्या ठिकाणी सांगितलं, कण्यात नसा दबल्यात, त्यामुळेच थकवा; १२ सिटिंग घ्या. वर रोज पाच मिनिटं चालणं वाढवायचं. मी मुकाट्याने वाढवलं आणि दुसऱ्या आठवड्यात अंथरुणाला खिळले. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असा ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात देऊ नका असंच म्हटलंय. हे आधी वाचलं असतं तर! आणि कणा सरळ केल्याने हा आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, हेही तेव्हाच शोधायला हवं होतं.

मग वही ठेवली. सिटिंगच्या दिवशी मी टवटवीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवी. दोष दाबण्याचा की जाण्यायेण्याचा? एकदा नुसती तिथवर जाऊन, अर्धा तास खुर्चीत बसून, उपचार न घेता परतले. तिसऱ्या दिवशी तेच झालं.

दुसरी कायरोप्रॅक्टर बाई समजूतदार निघाली. ताटकळत बसवत नाही, सिटिंग १५ मिनिटांत आटपते, मानेला झटका देत नाही. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो; क्वचित होतं, पण मला ती जोखीम नको. थकव्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "ते माझ्या हातात नाही."

आता मान फारच आखडली तरच जाते, आणि पुढचे दोन दिवस कॅलेंडरवर आधीच काट मारून ठेवते.