लोटलीतलं जुनं घर, शांतता हवी असेल तर जाच

गोवा म्हटलं की सगळे बागा-कलंगुटला पळतात, आम्ही यावेळी मडगावजवळच्या लोटलीत एका जुन्या पोर्तुगीज काळातल्या घरात राहिलो आणि खरंच मन भरलं. रिस्टोअर करताना मालकांनी उगाच चकाचक केलेलं नाही, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं तशीच ठेवलीत त्यामुळे दुपारीसुद्धा आत गारवा असतो, एसी लावावासाच वाटला नाही. सगळ्यात आवडल्या त्या खिडक्या! काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं, लाकडी चौकटीत एकेक बसवलेली, ऊन आत येतं पण डोळ्यावर येत नाही. अशी कामं करणारे कारागीर आता फार कमी राहिलेत म्हणून हे जपलंय याचं जास्त कौतुक वाटतं.

सकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर भोंगा वाजवत येतो, गरम पोई (इथला पाव) घ्यायची आणि पुढच्या बाल्कांवात (दारासमोरच्या बसायच्या ओसरीत) बसून चहा. जेवण बनवणाऱ्या मावशींच्या हातचं सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) तर आवर्जून सांगाच, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं.

नेटवर्क आत नीट येत नाही, वर्क फ्रॉम होम करणार असाल तर आधी विचारून घ्या. स्वतःची गाडी किंवा स्कूटर हवीच, बीच लांब आहे.