‘जंतू हट्टी झालाय’ : गुप्तरोगाच्या दवाखान्यात मला कसं लुटलं

नाव लिहीत नाही, गावही नाही. ठाणे जिल्ह्यात नोकरी करतो, लग्न झालेलं आहे, बायको-मुलं तेव्हा गावी होती, एवढं पुरे. लघवीला आग आणि आतल्या कपड्यांवर पिवळा पू, हे ज्याला झालंय त्याला वर्णन नको आणि ज्याला झालेलं नाही त्याला सांगून कळणार नाही. जुनी माणसं याला परमा म्हणतात, डॉक्टर गनोरिया म्हणतात. या दुखण्यापायी माझे पस्तीस-छत्तीस हजार गेले. बरं करून देतो म्हणणाऱ्याने ते काढले, आणि काढताना त्याने सांगितलेली मुख्य गोष्ट शास्त्राला धरून खरी होती. म्हणून तर ती गळी उतरली.

लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद सगळ्यांनी पाहिलेले असतात. ‘गुप्तरोग. एकच भेट. शंभर टक्के गॅरंटी. नाव गुप्त.’ तसल्याच एका कागदावरचा नंबर. फोनवरचा माणूस इतका गोड बोलला, की सख्खा भाऊ बोलणार नाही. दवाखाना स्टेशनबाहेर, मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. प्रत्येकाला वेगळी वेळ देतात, त्यामुळे दुसरा पेशंट भेटतच नाही. तेव्हा वाटलं, किती जपतात आपल्याला. आता वाटतं, दोन पेशंट बाकड्यावर शेजारी बसून बोलले असते तर त्याचा धंदा त्याच दिवशी बसला असता.

आधी एक फॉर्म भरून घेतला. नाव, पत्ता, कंपनी कुठली, आणि ‘इमर्जन्सीसाठी’ बायकोचा मोबाइल नंबर. हा फॉर्म लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डॉक्टर म्हणवणाऱ्याच्या पाटीवर नावापुढे अक्षरांची रांग होती, नोंदणी क्रमांक मात्र नव्हता. त्याने मला तपासलं नाही. कुठे दुखतं ते पाहिलंसुद्धा नाही. नाडी धरली, मान हलवली, ‘उष्णता’ म्हणाला आणि दीड हजार घेऊन कागदाच्या पुड्यांत सुट्या गोळ्या दिल्या, सोबत राखाडी भुकटी. दोन-तीन दिवसांत आग कमी झाली, पूही कमी झाला. मग आठवडा-दहा दिवसांत पहिल्यासारखंच.

दुसऱ्या खेपेला खरा खेळ सुरू झाला. चेहरा गंभीर करून म्हणाला, “तुमच्या जंतूला रेझिस्टन्स आलाय. हट्टी जंतू आहे. साधी औषधं चालणार नाहीत. कल्चर करावं लागेल, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध चालतं ते बघावं लागेल.” सकाळी साध्या प्लास्टिकच्या बाटलीत लघवी घेतली, अठ्ठावीसशे रुपये घेतले आणि संध्याकाळी रिपोर्ट हातात दिला. त्यावर पंधरा औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे जंतू दाद देत नाही. फक्त शेवटच्या ओळीत एका इंजेक्शनपुढे ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे लागू पडतं. ते इंजेक्शन बाजारात मिळत नाही, दुबईहून मागवावं लागतं, एकाचे साडेचार हजार. अशी तीन दिली. कुपीवरचं लेबल खरवडलेलं होतं. आत काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

शिवाय ‘मुळापासून जायला’ भस्म. ते खालच्या गल्लीतल्या ठराविक दुकानातूनच घ्यायचं. दुकानदाराने भाव सांगितला नऊशे. मला वाटलं डबीचे. त्याने पाच-सहा बरण्यांतून थोडं थोडं काढलं, खलात एकत्र घोटलं आणि मग काट्यावर ठेवलं. वीस ग्रॅम. नऊशे रुपये ग्रॅमचे होते. अठरा हजार! नको म्हणालो तर म्हणे, आता मिसळलंय, परत कसं घेऊ? दोन दणकट पोरं दारात उभीच होती. गुडघेदुखीच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना याच पद्धतीने गंडवतात हे मला नंतर कळलं. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस ‘माझ्या वडिलांना गुण आला’ म्हणत जवळीक साधतो, तीच ही टोळ्यांची रीत. भाव ग्रॅमचा की डबीचा, हे घोटायच्या आधी विचारा. खरं म्हणजे अशा दुकानाची पायरीच चढू नका.

यातून सुटलो ते मेडिकलवाल्या काकांमुळे. पुड्यांमध्ये एका गोळीला पाकिटाचा कापलेला तुकडा चिकटून आला होता. तो घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, म्हटलं हेच द्या, निदान स्वस्तात पडेल. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. सिप्रोफ्लॉक्सासिन. आवाज खाली आणून म्हणाले, “दादा, तुमचं दुखणं मी समजतोय ते असेल तर ही गोळी त्यावर कधीचीच चालत नाही. आणि दुसरी जी चालते ती मी चिठ्ठीशिवाय देणार नाही. वहीत डॉक्टरचं नाव लिहावं लागतं.” सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन ही या दुखण्यावरची औषधं २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत आहेत. दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. सगळे दुकानदार हे पाळतात असं नाही, हे पाळत होते. त्यांनीच सांगितलं, सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे जा.

सुरक्षा क्लिनिक म्हणजे गुप्तरोगांसाठीचं सरकारी केंद्र. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत असतं, बहुतेक ठिकाणी त्वचारोग किंवा स्त्रीरोग ओपीडीच्या आसपास. तपासणी, औषधं, समुपदेशन सगळं फुकट. केसपेपर काढून आत गेलो तर समुपदेशक ताईंनी दार लोटून घेतलं आणि ज्या सहजपणे एखादी बाई खोकला किती दिवस आहे विचारते, तसे प्रश्न विचारले. डॉक्टर मॅडमनी आधी तपासलं. मग मी तो संध्याकाळचा रिपोर्ट पुढे केला.

त्या हसल्याच. “सकाळचा नमुना आणि संध्याकाळी कल्चर? मग आमची लॅब काय माश्या मारते?” गनोरियाचा जंतू फार नाजूक, शरीराबाहेर लवकर मरतो. कल्चरसाठी मूत्रमार्गातल्या स्रावाचा स्वॅब, म्हणजे बारीक काडीवर टिपलेला नमुना घेतात आणि तो लगेच रक्त तापवून बनवलेल्या खास माध्यमावर लावून कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेत ठेवतात. जंतू वाढायलाच एक ते दोन दिवस लागतात. कुठलं औषध त्याला मारतं हे बघायला त्यानंतर आणखी एक दिवस. माझ्या रिपोर्टवर लॅबचा पत्ता नव्हता, पॅथॉलॉजिस्टची सही नव्हती. आणि आणखी एक खूण मॅडमनी दाखवली. पंधरापैकी चौदा औषधं निकामी आणि पंधरावं नेमकं लिहून देणाऱ्याच्याच कपाटात!

पण रेझिस्टन्स ही गोष्ट खोटी नाही, आणि इथेच माणूस फसतो. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली, दहा वर्षांच्या आत-बाहेर या जंतूने ती पचवली. मग पेनिसिलिन आलं. १९७६ मध्ये पेनिसिलिनच तोडून टाकणारं विकर (एन्झाइम) बनवणारे जंतू सापडले. टेट्रासायक्लिन गेलं, त्यामागून सिप्रो गेलं. अमेरिकेने २००७ मध्ये गनोरियासाठी सिप्रोच्या गटातली औषधं देऊ नका म्हणून सांगितलं, २०१२ मध्ये सेफिक्झिमही पहिल्या पसंतीतून काढलं. २००९ मध्ये जपानमधल्या क्योटोत सेफ्ट्रायाक्झोनला दाद न देणारा जंतू सापडला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांची झोप उडाली, कारण त्या इंजेक्शनपलीकडे हाताशी फारसं काही उरलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या चिवट जंतूंच्या यादीत हा जंतू आहे. आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातलं केंद्र याच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवून आहे.

म्हणजे मला पहिल्या दिवशी दिलेली गोळी जगाने केव्हाच बाद केलेली होती, आणि तीही सुटी, अर्धवट. अशा औषधाने जंतूंपैकी दुबळे मरतात, थोडा आराम पडतो, चिवट तेवढे मागे राहतात. पेशंट आठवड्याने परत येतो आणि ‘रेझिस्टन्स आलाय’ हे वाक्य तयारच असतं. आधी औषध असं द्यायचं की दुखणं हटू नये, मग न हटल्याचे पैसे घ्यायचे. चोर म्हणून मी त्याला ओळखलं असतं, पण तो विज्ञानाचं बोलत होता.

मॅडमनी स्वॅब घेतला. काचपट्टीवर पूच्या पेशींमध्ये जोडी-जोडीने बसलेले जंतू सूक्ष्मदर्शकातून त्याच दिवशी दिसले. रोगाचं नाव असं लगेच कळू शकतं. औषधाचा निकाल मात्र नाही. सेफ्ट्रायाक्झोनचं एक इंजेक्शन कमरेत दिलं, आणि गनोरियासोबत बऱ्याचदा क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोगही असतो म्हणून आठवडाभर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. हेच सेफ्ट्रायाक्झोन बाहेर कुठल्याही मेडिकलमध्ये शंभराच्या आत-बाहेर मिळतं. कल्चरचा खरा रिपोर्ट काही दिवसांनी आला : पेनिसिलिन आणि सिप्रो निकामी, सेफ्ट्रायाक्झोन लागू. हट्टी होता, पण औषध होतं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतलं, तीन महिन्यांनी परत घेतलं. त्या भामट्याने तीन इंजेक्शनं टोचली पण रक्ताचं नाव काढलं नव्हतं.

आणि बायकोचंही नाव काढलं नव्हतं; उलट “त्यांना कशाला सांगता, बायकांना हे होत नाही” असं म्हणाला होता. साफ खोटं. बायकांना होतं, आणि कितीतरी जणींना काहीच जाणवत नाही. आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत जातं, मूल राहायला अडचण येते. बाळंतपणाच्या वेळी असेल तर बाळाच्या डोळ्यांना धोका. शिवाय एकानेच औषध घेतलं तर तो जोडीदाराकडून परत घेऊन येतो, आणि तेही रेझिस्टन्स म्हणून खपतं. माझ्या बायकोची तपासणी आणि औषध झालं. घरात काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही.

उरला तो फॉर्म. मी जायचा बंद झाल्यावर फोन आला, “कोर्स अर्धा सोडलात, बाकीचे बारा हजार द्या, नाहीतर मिसेसना कळवावं लागेल.” तोवर मिसेसना कळलेलं होतं, त्यामुळे मी ‘कळवा’ म्हटलं. पण ज्याने घरी सांगितलेलं नाही तो हे पैसे देत राहतो. ही खंडणी आहे, पोलिसांत तक्रार होते. फोन रेकॉर्ड करा, यूपीआयने दिलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट ठेवा. मी भस्माचे रोख दिले होते, त्याचा पुरावा काहीच नाही.

महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे बोगस डॉक्टरची तक्रार दिली आहे. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुप्तरोग बरे करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे लोकलमधला तो कागद हाच मुळात गुन्हा. पथक गेलं तेव्हा वर कुलूप होतं. पैसे परत मिळालेले नाहीत, मिळतील असं वाटत नाही.

कुणी आत्ता या चक्रात असेल त्याने १०९७ वर फोन करावा, एड्स नियंत्रण कार्यक्रमाची फुकट हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र सांगतात, नाव विचारत नाहीत. जाताना त्या दवाखान्यातल्या उरलेल्या गोळ्या, पुड्या, रिकाम्या कुप्या, खोटा रिपोर्ट, सगळं पिशवीत घालून न्यावं. लाजेने फेकून देऊ नका. आधी पोटात काय गेलंय हे कळलं तर डॉक्टरांना पुढचं औषध ठरवायला सोपं जातं, आणि तक्रारीला तोच मुद्देमाल लागतो.