संशोधनाच्या नावाखाली गेलेले दोन लाख चाळीस हजार

माझे वय चौपन्न आहे, अकरा वर्षांपासून मला मधुमेह आहे आणि मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. गेली तीन वर्षे मला लिंगाला पुरेशी ताठरता येत नव्हती. हे वाक्य लिहायला मला फार काळ लागला. याच संकोचावर मला फसवणाऱ्यांचा धंदा चालतो, म्हणून तेच सर्वांत आधी लिहीत आहे.

वाशीतील त्या दवाखान्याची जाहिरात मोबाइलवर आली. तीत उपचार हा शब्द कुठेही नव्हता. ‘स्टेम सेल संशोधनात सहभागी व्हा, जागा मर्यादित’ एवढेच लिहिलेले होते. स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरातील इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिरातींवर मी कधी विश्वास ठेवला नव्हता, पण संशोधन म्हटल्यावर मागे विद्यापीठ असेल, देखरेख असेल, असे मी गृहीत धरले. दवाखान्यातील समुपदेशकाने मला डेन्मार्कमधील ओडेन्सा येथील एका अभ्यासाची छापील प्रत दाखवली. तो अभ्यास खरा आहे, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकल्यानंतर ताठरता गमावलेल्या १७ पुरुषांना त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकदा टोचण्यात आल्या आणि त्यांपैकी ८ जणांना संबंध ठेवता येण्याइतकी सुधारणा झाली. मला मात्र एवढेच सांगण्यात आले की, ‘परदेशात निम्म्या लोकांना गुण आला आहे.’ ते सगळे रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेलाच नव्हता, म्हणजे किती सुधारणा काळाने आपोआप झाली असती हे त्यातून कळत नाही, यातले काहीही मला कोणी सांगितले नाही.

तीन इंजेक्शने, प्रत्येकी ऐंशी हजार. मी बँकेतील ठेव मोडली आणि पत्नीला सोसायटीच्या दुरुस्तीची वर्गणी भरायची आहे असे खोटे सांगितले.

प्रत्यक्षात काय झाले ते नीट लिहितो, कारण माझी फसवणूक त्या तपशिलातूनच उघड झाली. परिचारिकेने माझ्या दंडातून दोन नळ्या रक्त घेतले, ते कोपऱ्यातील लहान यंत्रात ठेवून गरगर फिरवले आणि पंधरा-वीस मिनिटांनी नळीत वर जमलेला पिवळसर द्रव सिरिंजमध्ये ओढून घेतला. तोच द्रव डॉक्टरांनी मला टोचला. तीनही वेळा हेच घडले. प्रत्येक भेटीत ताठरतेविषयी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेत; ती जगभर वापरली जाते आणि तीत पंचवीसपैकी गुण मिळतात, जितके जास्त तितके चांगले. तिसऱ्या भेटीत मी एका प्रश्नापुढे २ लिहिले, तेव्हा समुपदेशक मुलगी हळू आवाजात म्हणाली, “काका, तीन लिहा ना. सुरुवात तर झाली आहे ना?” आणि मी तीन लिहिले. माझ्या नावावर जी सुधारणा नोंदली गेली ती एवढीच.

सात महिन्यांनी काहीही फरक न पडल्याने मी ठाण्यातील एका यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “तुमच्या कमरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून काही काढले होते का?” मी नाही म्हणालो. त्यांनी सांगितले की, स्टेम सेल अशा ठिकाणांहून काढतात; दंडातून घेतलेले रक्त फिरवून मिळतो तो प्लेटलेट जास्त असलेला द्रव, ज्याला पीआरपी म्हणतात. स्टेम सेलशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील यूरोलॉजिस्टांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ताठरतेसाठी पीआरपीला प्रायोगिक म्हटले आहे आणि स्टेम सेलचे इंजेक्शनही अजून संशोधनाच्याच टप्प्यात असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे मला ज्या अपुऱ्या सिद्ध झालेल्या गोष्टीची आशा दाखवली, तीसुद्धा दिली नव्हती.

त्यांनी पुढे जे सांगितले ते मला आधी ठाऊक असते, तर मी त्या दवाखान्याची पायरी चढलो नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा रुग्णावरील कोणताही वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असावी लागते आणि ती कोणालाही ऑनलाइन पाहता येते. मी दवाखान्याकडे नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा आधी ‘प्रक्रिया चालू आहे’ असे उत्तर आले आणि नंतर एक क्रमांक पाठवला गेला. तो गुडघेदुखीवरील एका चाचणीचा निघाला. शिवाय नपुंसकत्व बरे करण्याची जाहिरात करण्यावर १९५४ च्या औषध व चमत्कारी उपचार कायद्याने बंदी आहे. जाहिरातीत ‘संशोधन’ हा शब्द का निवडला होता, ते मला तेव्हा उमगले.

पैशांपेक्षा मला त्या सात महिन्यांची हळहळ अधिक वाटते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी अरुंद होतात आणि म्हणून मधुमेही माणसात ताठरता कमी होणे ही हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकते. यूरोलॉजिस्टांनी माझी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी केली, ती ९.४ टक्के, म्हणजे बरीच जास्त आली. हृदयाची तपासणी करून घेतली, मी हृदयविकारावरची नायट्रेटची गोळी घेत नाही याची खात्री केली, कारण दोन्ही एकत्र घेणे धोक्याचे असते, आणि मगच ताठरतेसाठीची साधी सिल्डेनाफिलची गोळी लिहून दिली. वाशीच्या दवाखान्यात तिन्ही भेटींत कोणी माझा रक्तदाबसुद्धा मोजला नव्हता.

पत्नीला मी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “अहो, पैशांचे जाऊ दे, पण सात महिने तुम्ही हे एकट्याने कसे सोसलेत?” दुसऱ्या दिवशी तिनेच पावत्या शोधून नीट लावल्या. तिन्ही पावत्यांवर ‘फिजिओथेरपी शुल्क’ असे लिहिलेले आहे. त्या पावत्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि तो खोटा क्रमांक पाठवलेला संदेश जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती देता येते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही स्वतंत्र अर्ज केला आहे.

शेवटच्या भेटीच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता, तिशीही न गाठलेला. महिन्याभराने लग्न आहे आणि या इंजेक्शनांसाठी कर्ज काढले आहे, एवढेच तो बोलला. मी त्याचे नाव विचारले नाही, कारण तिथे कोणीच कोणाचे नाव विचारत नव्हते. त्याचे ते पहिलेच इंजेक्शन होते.