आरव्हीत आठ दिवस, मुक्काम लोकांच्या शेतात

सासू-सासरे तासगावहून आलेत, आणि आईंना बाहेरचं जेवण दोन दिवसांच्या वर चालत नाही, म्हणून नवऱ्याच्या डोक्यात आलं की हॉटेलं नकोतच, सरळ आरव्ही, म्हणजे आत स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि संडास असलेली गाडी घेऊ. सप्टेंबरात 25 फुटी क्लास सी (मध्यम आकाराची आरव्ही) भाड्याने घेतली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून, म्हणजे आमच्या घरून, लोदाय, मग टायोगा पासवरून ली व्हायनिंग, बिशप, लोन पाइन, टेहाचापी आणि येताना फ्रेस्नोकडून घरी असा फेरा मारला. मुक्काम शक्यतो खासगी जागांतच करायचा होता. काही रात्री हार्वेस्ट होस्ट्सवरून, काही हिपकॅम्पवरून.

आधी या दोन्हींतला फरक सांगते, आम्हाला तो कळायला वेळ लागला. हिपकॅम्पवर माणसं आपली जागा रात्रीच्या भाड्याने देतात, वीज-पाण्याचा हूकअप (जोडणी) आहे का, डंप (गाडीतलं सांडपाणी टाकायची सोय) आहे का ते बघून बुक करायचं. हार्वेस्ट होस्ट्सची वर्षाची मेंबरशिप असते, मग वाइनरी, शेत, ब्रुअरी अशा ठिकाणी एक रात्र गाडी लावायला भाडं नाही, पण होस्टकडून काहीतरी विकत घ्यायचं अशी अपेक्षा असते आणि गाडीत स्वतःचा संडास, पाण्याची टाकी सगळं हवं. हूकअप बहुतेक जागी नसतोच. आता ‘फुकट’ म्हणून हिशोब करणाऱ्यांनी जरा थांबा. लोदायला आम्ही दोन बाटल्या घेतल्या, तेवढ्यात साध्या कॅम्पग्राउंडची एक रात्र निघाली असती. आमच्यात वाइन पिणारा फक्त नवरा, म्हणजे तो पार्किंगचा खर्च की त्याचा खर्च यावर आमचं अजून एकमत नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. पेट्रोल गॅलनला आठ-नऊ मैल, घाटात त्याहून वाईट. चटचटीत फोडणी केली की स्मोक अलार्म बोंबलतो, तेव्हा खिडकी उघडा, पंखा लावा आणि मगच मोहरी टाका. ली व्हायनिंग 6,700 फुटांच्या वर आहे, तिथे पाणी 93 डिग्रीच्या आसपासच उकळतं, साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, आईंनी हट्टाने कुकर आणला होता तो वाचवून गेला. पहिल्या रात्री लाकडी ठोकळे न लावता उतारावर गाडी लावली, बाबा रात्रभर भिंतीकडे घरंगळत होते आणि सकाळी फ्रीज गार नाही, कारण तो गॅसवरचा फ्रीज गाडी सपाट असेल तरच नीट चालतो. ही चूक आमचीच. पण ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा काटा कायम दोन तृतीयांशवर अडकलेला ही भाड्याने देणाऱ्यांची चूक, आणि गाडी परत देताना ‘टाकी रिकामी केली नाही’ म्हणून वर पैसे लावले ते वेगळंच. डंप करतानाचे फोटो नवऱ्याने काढले होते म्हणून परत मिळाले. तुम्हीही काढा, नाक दाबून का होईना.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. शेवटची रात्र सेल्माजवळ एका द्राक्षबागेत होती. हे गाव स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवतं, हे ऐकून बाबा नुसतं हसले, आमचं तासगावही बेदाण्याचंच. होस्ट निघाले सरदारजी, या भागात पंजाबी शेतकरी शंभर वर्षांपासून आहेत. बाबांचं सांगलीकडचं हिंदी आणि त्यांचं पंजाबी वळणाचं हिंदी, पण दोघांना दुभाषा लागला नाही. दोन ओळींच्या मध्ये जमिनीवर कागद अंथरलेले आणि त्यावर थॉमसन जातीची द्राक्षं उन्हात वाळत पडलेली. बाबा खाली बसले, एक बेदाणा उचलून खाल्ला आणि म्हणाले, “आमच्याकडं हा माल उन्हात नसतोय ठेवत, शेडमधे रॅकवर, डिपिंग ऑइलात बुडवून, म्हणून तो हिरवा राहतोय.” सरदारजी म्हणाले, इथे काही लावतच नाही, नुसतं ऊन, म्हणून काळा. मग छाटणीवर गाडी आली. आमच्याकडे एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशी वर्षात दोनदा छाटतात यावर त्यांचा विश्वासच बसेना, “दो बार? बेल मरती नहीं, भाईसाब?” इथे थंडीत वेल झोपते, एकदाच छाटतात. आईंनी चहा केला, तो संपला, परत केला, रात्रीचे दहा वाजले तरी दोघं बॅटरी घेऊन ओळींमधून हिंडतायत. कुठल्या हॉटेलात हे मिळणार होतं?

फक्त एक. हूकअप नाही म्हणजे एसी नाही, बॅटरीवर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो तेवढंच. संध्याकाळी सातलाही अंगाची लाही होत होती आणि जनरेटर चालेल का हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं, मग रात्री विचारायची लाज वाटली. शेवटी दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून झोपलो. बुक करतानाच मेसेज करून विचारा.

पुढच्या वेळी गरमी नको म्हणून ऑक्टोबरअखेर जाऊया असं मी म्हटलं, तर बाबा बेदाण्याची पाच पौंडांची पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, “तेव्हा जाऊन काय बघायचं, माल उचललेला असणार.”