पुरुष वंध्यत्व पॅकेज : रक्ताचं काम चोख, डीएफआयचं ढिलं

बेळगावातल्या एका संकलन केंद्रात मिळणाऱ्या या पॅकेजमध्ये तीन तपासण्या आहेत : कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची मोजदाद, वाय गुणसूत्राची मायक्रोडिलिशन तपासणी, म्हणजे त्याचा एखादा बारीक तुकडा गळालाय का ते बघणं, आणि शुक्राणूंचं डीएनए फ्रॅगमेंटेशन, म्हणजे डीएफआय : किती टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलाय त्याचा आकडा. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. असली पॅकेजं आता बऱ्याच ठिकाणी विकतात आणि पारखायच्या जागा सगळीकडे त्याच.

रक्ताच्या कामात खोट काढायला जागा नाही. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी, मायक्रोडिलिशनला जांभळ्या झाकणाची ईडीटीएची (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). कॅरिओटाइपला पेशी जिवंत लागतात. त्या साधारण 72 तास वाढवून मग गुणसूत्रं बघतात. ईडीटीएत त्या नीट वाढत नाहीत, गोठल्या तर मरतातच. इथं हिरवी नळी साध्या तापमानालाच पाठवतात. फक्त शनिवारी रक्त देऊ नका, रविवारभर नळी कुरियरवाल्याकडे पडून राहते. मायक्रोडिलिशनच्या रिपोर्टवर एझेडएफ ए, बी, सी या वाय गुणसूत्रावरच्या, शुक्राणू तयार व्हायला लागणाऱ्या तिन्ही भागांचे प्रत्येकी दोन असे सहा मार्कर, म्हणजे तपासायच्या खुणा, छापलेले असतात. नुसतं 'डिलिशन नाही' एवढंच लिहिलेला रिपोर्ट कुठून आला तर परत पाठवावा.

गडबड डीएफआयमध्ये आहे. केंद्राच्या चिठ्ठीवर 'पाच ते सात दिवस संयम' असं छापलंय, म्हणजे नमुन्याआधी तेवढे दिवस वीर्यपात नको. जागतिक आरोग्य संघटनेची वीर्यतपासणीची मुदत दोन ते सात दिवसांची आहे हे खरं, पण शुक्राणू साठून राहिले की त्यांचा डीएनए जास्त तुटतो, आकडा उगाच वर जातो. दोन-तीन दिवस पुरेत, आणि पुढच्या वेळीही तेवढेच ठेवावेत. घरून नमुना आणायची मुभा देतात, पण तो तासाभरात आणि अंगाच्या उबेला पोहोचायला हवा हे कुणी सांगत नाही. टिळकवाडीहून जमेल; निपाणीहून नमुना घेऊन निघालेल्याचा तास हायवेवरच संपतो. नमुना घेताना साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम यातलं काही चालत नाही. पहिला थेंब सांडला असेल तर तसं सांगावं, बहुतेक शुक्राणू त्यातच असतात.

या पॅकेजातला डीएफआय हेलो पद्धतीनं काढतात. शुक्राणू ॲगारोजमध्ये बसवून आम्लात ठेवतात, मग प्रथिनं विरघळवतात आणि स्लाइड रंगवतात. डीएनए शाबूत असेल तर डोक्याभोवती चंद्राला पडावं तसं मोठं खळं दिसतं. तुटलेला असेल तर खळं बारीक, नाहीतर डोकं उघडंच. निदान 300 शुक्राणू मोजायला हवेत. इथल्या रिपोर्टवर किती मोजले ते नाही, पद्धतीचं नावही नाही. फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी मोजणाऱ्या, एससीएसए पद्धतीत 30 टक्क्यांच्या वर डीएफआय जास्त मानतात. तोच 30 हेलोच्या रिपोर्टखाली आडवी रेघ मारून छापणं बरोबर नाही. पद्धत बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो.

फॉर्मही अपुरा आहे. उद्यमबागच्या फौंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा माणूस आणि निपाणीकडचा तंबाखू खाणारा, दोघांनाही तेच चार प्रश्न. उष्णता, तंबाखू, व्हेरिकोसील (अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा), नुकताच येऊन गेलेला ताप या सगळ्यांनी डीएफआय वाढतो. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून ताप किंवा उपचारानंतर तीन महिने थांबून फेरतपासणी करावी.

पण मुळात हे तिन्ही एका पाकिटात कशाला? वीर्यात शुक्राणूच नसतील तर डीएफआय कशाचा काढणार? त्या माणसाचे पैसे वाया. आधी साधी वीर्यतपासणी, बिघाड दिसला तर पुन्हा एकदा. शुक्राणूंचा काउंट मिलीलिटरला 50 लाखांच्या खाली असेल तर रक्ताच्या दोन्ही तपासण्या. वीर्य कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज नाही असं दिसलं तर जन्मतः शुक्रवाहिन्या नसण्याची शंका घेऊन सीएफटीआर जनुक बघतात, त्यातल्या दोषानं असं होऊ शकतं. ते या पॅकेजात नाहीच. डीएफआयची खरी गरज वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्याला. पहिल्याच भेटीत सगळ्यांना तो लिहून देऊ नये.

काउंटरवर मराठीत नीट बोलतात, पण संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. खानापूरकडचा माणूस न वाचताच सही करतो. सगळ्यांसमोर 'सीमेनवाले कोण?' असं ओरडणं तर आजच थांबवावं. त्याहून मोठी उणीव समुपदेशनाची. एझेडएफ ए भाग पूर्ण गेलेला असेल तर शस्त्रक्रियेनं शुक्राणू मिळायची आशा नसते. सी गेलेल्या बऱ्याच जणांत ते मिळतात, पण दोष मुलग्याकडे जातो. असा रिपोर्ट बंद पाकिटात हातात ठेवून चालत नाही.

रक्त इथं द्या, सोमवार ते बुधवार सकाळी. वीर्याचा नमुना मात्र जिथं तपासणी त्याच इमारतीत होते तिथं द्या, आणि पैसे भरण्याआधी पद्धत कोणती, किती शुक्राणू मोजता, हे दोन प्रश्न विचारा.