रिकामा फ्लॅट भाड्यानं देताना: काय बसवायचं, काय भाडेकरूवर सोडायचं

संभाजीनगरात किंवा लातुरात दुसरा फ्लॅट घेतला आणि तो 'अनफर्निश्ड' द्यायचं ठरवलं, तरी लोंबत्या वायरींचं घर कुणी घेत नाही. पंखे, ट्यूबलाइट आणि खिडक्यांना मच्छरजाळी भाडेकरू धरूनच चालतो. खरा विचार त्यापुढचा.

सुरुवात पाण्यापासून करा. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण धरलं, तर चौघांना 540 लिटर लागतात. नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असेल, तर 2700 लिटरची सोय हवी. म्हणजे माळ्यावरची 500 लिटरची टाकी एका दिवसाची धनी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं; तिथला भाडेकरू हॉल बघण्याआधी टाकी किती लिटरची आणि बोअर चालू आहे का, हे विचारतो. त्यामानानं आरओ फिल्टर देण्यात अर्थ नाही. बोअरच्या जड पाण्यानं मेम्ब्रेन, म्हणजे फिल्टरच्या आतली बारीक गाळणी, लवकर जाते आणि ती कुणी बदलायची यावरून कुरबुर सुरू होते. सिंकजवळ नळाचा कॉक आणि प्लग काढून ठेवा, फिल्टर ज्याचा त्यानं आणावा.

कूलर द्यायचा की एसी? माझं मत, दोन्ही नको. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर झकास चालतो, पण त्याची टाकी रोज भरावी लागते, आणि पाण्याचं तर वर सांगितलंच. एसीला पाणी नको, पण सर्व्हिसिंग आणि गॅस भरण्याचा खर्च फिरून मालकाच्याच गळ्यात येतो. मी पहिल्या वर्षी हौसेनं पत्र्याचा कूलर दिला होता. परत मिळाला तेव्हा तळाला हात आरपार जाईल एवढं भोक होतं. आता फक्त तयारी करून देतो: कूलरसाठी खिडकीत स्टँड, शेजारी प्लग, आणि बेडरूममध्ये स्वतंत्र एमसीबीवरचा (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवरचा) एसी पॉइंट. तीन-चार हजारांत भागतं, आणि मे महिन्यात घर बघायला आलेला माणूस ते बरोबर हेरतो.

गिझर मात्र मालकानंच बसवावा, नाहीतर प्रत्येक भाडेकरू टाइलला नवी भोकं पाडतो. 3 लिटरचा इन्स्टंट स्वस्त पडतो, पण 3 किलोवॉट ओढतो. जुनी वायरिंग असेल तर नकोच. 15 लिटरचा स्टोरेज 2 किलोवॉटवर साधारण वीस मिनिटांत तापतो आणि गार पाणी मिसळून दोन बादल्या देतो. कुटुंबाला हाच बरा. क्षार दोन्हींत धरतो, तेव्हा भाडेकरू बदलला की एलिमेंट साफ करून घ्या.

पंख्याचं गणित थोडं गमतीचं आहे. साधा पंखा 75 वॉटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तिशीच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, पण वाचतात भाडेकरूचे. जादा किंमत तुमची. भाडं थोडं वाढवून मिळत असेल तरच बीएलडीसी घ्या.

ओट्याखालच्या ट्रॉल्या कुटुंबासाठी फायद्याच्या. लातुरात अकरावी-बारावीच्या पोरासोबत दोन वर्षांसाठी येणारी आई मात्र स्टीलच्या रॅकवर भागवते. तिला पोराच्या टेबलाजवळ दोन प्लग आणि इन्व्हर्टरची वायरिंग जास्त मोलाची.

बसवलेल्या प्रत्येक वस्तूची यादी, कंपनीच्या नावासकट, करारालाच जोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मग चार पंखे होते की तीन, हेही तोच सांगणार.